लेकीने पाठवलेली खुर्ची

६ फेब्रुवारी

चि. सौ. मिठूस,
अ. उ. आ. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. जगाच्या दाढा उपटणाऱ्या बाईला स्वतःची दाढ दुखायला लागल्यावर दुसऱ्या दंतवैद्याकडे जायची भीती वाटते, हे वाचून तुझी वहिनी हसून हसून बेजार झाली. मी हसलो नाही. थोरल्या भावाने हसू नये, फक्त पत्र पुन्हा एकदा वाचावं. तेच मी केलं.

फोनवर का बोलत नाहीस, असं तू नेहमी विचारतेस. फोन आईच्या उशाशी असतो, आणि पाय सोडले तर मातोश्रींची बाकी सगळी इंद्रियं अजून तल्लख आहेत. म्हणून हा कागद.

पहिली बातमी आनंदाची. खुब्याचं हाड जुळलं आणि आई आता काठी घेऊन घरभर हिंडते. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी परवा निरोप घेतला. जाताना म्हणाल्या, की आजींना आता माझी गरज नाही, धाक दाखवणाऱ्या माणसाची आहे. काल स्वारी कुणाला न सांगता फाटकापर्यंत जाऊन आली, आणि आल्यावर मलाच विचारलं, की तू एवढा घामाघूम का झालास.

दुसरी बातमी तू पाठवलेल्या चाकांच्या खुर्चीची. ती समोरच्या खोलीत खिडकीजवळ रिकामी उभी असते. रिकामी म्हणजे आई तीत बसत नाही, एवढंच. दर्शनाची वेळ चुकलेली नाही. कुणी भेटायला आलं की आई काठी टेकत उठते, खुर्चीचा ब्रेक लावून दाखवते, पाठ मागे कलती करून दाखवते, एका बाजूचा हात खटकन खाली पाडून दाखवते, आणि शेवटी सांगते, की माझ्या लेकीने पाठवलीय. पाहुणे खुर्चीला हात लावतात, माना डोलावतात. मी आत जाऊन चहा करतो.

त्याच आईने आता जाहीर केलंय, की ही खुर्ची केंद्राला देऊन टाकायची. आमचं केंद्र तुला ऐकून माहीत आहे. इस्पितळामागचं जुनं गुदाम. आजाऱ्याच्या घरी लागणारे पलंग, कुबड्या, खुर्च्या लोकांकडून घ्यायच्या आणि ज्या घरी नड असेल तिथे फुकट वापरायला द्यायच्या. आलेली वस्तू घ्यायची की नाही, हे आम्ही तिघं ठरवतो. एकेकाळी अख्ख्या इस्पितळाला चळाचळा कापायला लावणाऱ्या मेट्रनबाई, चाकं तपासणारा सायकलवाला, आणि शाळेत संस्कृत शिकवणारा मी. माझी नेमणूक नकाराची पत्रं गोड भाषेत लिहिण्यासाठी. लोकांना वाटतं, दान म्हटलं की ओंजळ पुढे करायची. मिठू, आमचा निम्मा जन्म नाही म्हणण्यात जातो. तीन पायांचा पलंग, मुदत संपलेली औषधं. तुझ्या धंद्यातली गोष्ट म्हणून सांगतो, एका बाईंनी नवऱ्याची कवळी आणून दिली होती. फारशी वापरलेली नाही म्हणाल्या, ते कमीच बोलत.

आमचा एक नियम असा, की उद्या ज्या कुणाला ती वस्तू आठवेल, त्याची संमती त्याच्या हातच्या अक्षरात हवी, आणि विनाअट हवी. त्याला कारण घडलं. एका सुनेने सासऱ्यांच्या माघारी त्यांचा पलंग आम्हाला दिला. मुलगा परगावाहून आला आणि पत्ता काढत थेट त्या पलंगावर निजलेल्या परक्या आजाऱ्याच्या उशाशी जाऊन रडायला लागला. आजाऱ्याला वाटलं, आपलीच वेळ भरली. मेट्रनबाईंनी त्याच दिवशी नियम केला.

खुर्ची तू घेतलेली, तेव्हा संमती तुझी. मागणारा आमच्या कोपऱ्यावरचा घड्याळजी. स्टुलावरून पडला आणि कमरेखालचं अंग लुळं पडलं. बायको लोकांची घड्याळं घरी आणते आणि हा अंथरुणात कोपराखाली उशी घेऊन ती दुरुस्त करतो. बारीक स्क्रू पांघरुणात हरवतात आणि मग घरदार पांघरूण झाडत बसतं. केंद्रातल्या साध्या खुर्च्यांचे हात टेबलाच्या कडेला अडतात, त्यामुळे तो टेबलापर्यंत पोचतच नाही. तुझ्या खुर्चीचा हात खाली पडतो. एवढंच बाकी आहे. चार ओळी खरडून पाठव.

लोभ आहे तेवढा पुरे, पत्रं मात्र वाढावीत.

तुझा,
दादा


१५ फेब्रुवारी

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र दोन पेशंटांच्या मधल्या वेळात वाचलं. नंतर आलेल्या बिचाऱ्याने तोंड उघडलं आणि माझा चेहरा बघून मिटून घेतलं.

मला एक सांग. खुर्ची द्यायची कल्पना आईला सुचली, की कुणी सुचवली? तू वाटेल त्याची शपथ घेशील, पण तुझ्या पत्रातल्या खुर्चीच्या ओळींना वास येतो, आणि तो जळका आहे. दर्शनाची वेळ म्हणे. चहा करतो म्हणे. लहानपणी माझा निबंध वर्गात वाचून दाखवला, तेव्हाही तू अशीच शुद्ध भाषा बोलायला लागला होतास.

ती खुर्ची मी उचलली आणि पाठवली, असं वाटतं का तुला? शहरातल्या यच्चयावत दुकानांत जाऊन मी प्रत्येक खुर्चीत बसले. ह्यांना मला दुकानभर ढकलायला लावलं. ह्यांनी एका आरशाच्या कपाटावर नेऊन आदळलं, तेव्हा दुकानदाराने आम्हाला नम्रपणे दुसरं दुकान सुचवलं. हात खाली पडणारी खुर्चीच का घेतली? कारण आईला टेबलाशी बसून एकटीने पत्ते लावायची सवय आहे, आणि कडेला हात अडले तर ती पत्ते सोडून देईल, हे मला इथे बसून कळलं. माझ्या दवाखान्यातही एक खुर्ची आहे. तीत कुणी आपणहून बसत नाही. एक तरी खुर्ची अशी असावी की जिच्यात माझं माणूस सुखाने बसेल, असं मला वाटलं, तर काय चुकलं?

दादा, त्या घरात माझं आता आहे काय? माझी खोली तुझ्या चिरंजिवांची झाली. झाडाखालचा माझा बाक वाळवीने नेला. मी वर्षातून एकदा येते, तेव्हा वहिनी मला पाहुण्यांचा टॉवेल देते. तिचा दोष नाही, टॉवेल चांगला असतो. पण समोरच्या खोलीत माझं म्हणून एक काहीतरी उभं आहे, आणि तेवढंच तुझ्या डोळ्यांत खुपतं.

तरीही मी काही दगड नाही. घड्याळजींचं वाचून वाईट वाटलं. देते. फक्त पाठीमागे एक लहानशी पितळी पाटी बसवा. आईसाठी, लेकीकडून, एवढेच शब्द. तुला चारच ओळी हव्या होत्या, माझी पाटी त्याहून लहान आहे.

राग मानू नये. मानलास तरी लोभात धरून टाक.

तुझी,
मिठू


२३ फेब्रुवारी

चि. सौ. मिठूस,
अ. उ. आ. वि. वि.

तुझा अर्ज समितीपुढे ठेवला. अर्जदार बहीण असल्यामुळे मी बाहेर पायरीवर बसलो, आणि आत मेट्रनबाईंनी तो नामंजूर केला. नकाराचं पत्र लिहायचं काम नेहमीप्रमाणे माझ्याकडे आलं. आयुष्यात पहिल्यांदाच गोड भाषा सुचली नाही, तेव्हा साध्याच भाषेत सांगतो.

गेल्या वर्षी एक बांधकाम कंत्राटदार आले होते. ट्रकभर खुर्च्या देतो म्हणाले, कोऱ्या करकरीत. अट एवढीच, की प्रत्येकीच्या पाठीवर त्यांच्या कंपनीचं नाव हवं. आमच्याकडे तेव्हा तीन खुर्च्या होत्या आणि मागणाऱ्यांची रांग दारापर्यंत. सायकलवाल्याचे डोळे भरून आले, इतकी त्याला ती नवी चाकं आवडली. मेट्रनबाई म्हणाल्या, की माणूस आजारी पडला म्हणून त्याची पाठ काही भिंत होत नाही. ट्रक परत गेला. ज्या घरांना त्या वर्षी खुर्ची मिळाली नाही त्यांची तोंडं मी पाहिलीत, म्हणून सांगतो, हा नियम आम्हाला फुकट पडलेला नाही. आता त्याच बाई माझ्या बहिणीची पाटी कशी चालवून घेतील? लहान आहे, पितळी आहे, मजकूर गोड आहे, सगळं खरं. पण घड्याळजीने रोज कुणाच्या तरी लेकीच्या मायेला टेकून बसायचं, आणि आपली लेक काही पाठवत नाही हे आठवायचं, असं कशाला? त्यालाही एक लेक आहे. ती काही पाठवत नाही.

आता वासाबद्दल. आलाच आहे, तर नाक झाकण्यात अर्थ नाही. होय, मी जळतो. कल्पना आईची, हे शपथेवर. पण ऐकून मला आनंद झाला, हेही शपथेवर. आई पडली त्या दिवसापासून तिला उचलणं, निजवणं, औषधं, रात्रीची जाग, हे कुणी केलं ते मी सांगत नाही. तुझ्या वहिनीने केलं, मी मधे मधे लुडबुड केली. पण न्हाणीघरात आधाराची दांडी मी बसवली. स्वतः. शब्दरूपं सोडून या हातांनी कधी काही बसवलं नव्हतं. आई आज चालते ती त्या दांडीला धरून उभी राहायला शिकली म्हणून. आजवर एकाही पाहुण्याला न्हाणीघरात नेऊन तिने ती दांडी दाखवलेली नाही. मला मान्य आहे, पाहुण्यांना न्हाणीघर दाखवण्याची रीत नाही. पण नुसता उल्लेख करायला काय हरकत होती? खुर्ची म्हणजे लेक, आणि दांडी म्हणजे काय, नळासारखी आपोआप उगवली?

असो. घड्याळजीकडे काल गेलो होतो. शाळेच्या घंटेचं घड्याळ त्याच्या मांडीवर उघडं पडलं होतं आणि त्याची बायको गुडघ्यांवर बसून फरशी हाताने चाचपत होती. तो माझ्याकडे बघून हसला आणि म्हणाला, की मास्तर, आज काळ थांबलाय, स्क्रू सापडला की चालू करतो.

संमती दे. विनाअट दे. माझ्यावर चिडून दिलीस तरी चालेल, तेवढी सूट नियमात आहे.

तुझ्या लोभाचा उमेदवार,
दादा


२ मार्च

ती. स्व. दादास,
शि. सा. न.

मेट्रनबाईंना माझा नमस्कार सांग, आणि हेही सांग, की संमती देत नाही.

घड्याळजींना दुसरी तशीच खुर्ची मी इथून घेऊन पाठवते. हवं तर तिच्यावर पाटी नको, रंगसुद्धा नको. पण आईची खुर्ची आईच्या खिडकीशीच राहील. उद्या पुन्हा पाय घसरला तर? मग काय तिला तुझ्या शब्दरूपांवर बसवणार?

आणि दांडीचं माझ्याजवळ काढू नकोस. तुला वाटतं तूच एकटा जळतोस. तुला सकाळी उठल्यावर आई दिसते. तिने चहात साखर जास्त घातली, चष्मा कुठे ठेवला, कुणावर डाफरली, हे सगळं तुला न मागता मिळतं, आणि वर तू कटकट करतोस. मला रविवारी फोनवर मिळते तेवढी मिळते. त्या फोनवर ती काय बोलते, हे तुला कळलं असतं तर तू हे पत्र लिहिलंच नसतंस. पण ते मी तुला सांगणार नाही. तुझ्याकडे एवढं आहे, एक तरी गोष्ट माझ्याकडे राहू दे.

लोभ राहीलच, त्याला संमती लागत नाही.

मिठू


११ मार्च

चि. सौ. मिठूस,
अ. उ. आ. वि. वि.

दुसरी खुर्ची पाठवायच्या भानगडीत पडू नकोस. मेट्रनबाईंनी दुकानदाराला विचारलं. हात पडणारी ती जात आता बनत नाही, आणि नवी जी येते तिचा हात काढून शेजारी ठेवावा लागतो. पाय लुळे पडलेल्या माणसाने काढलेला हात ठेवायचा कुठे, हे बनवणाऱ्यालाच ठाऊक.

तुझा नकार मी समितीला कळवला. पण एक गोष्ट तुला सांगायचीच आहे, आणि ती सांगितल्यावर माझी बाजू लंगडी पडेल याची मला कल्पना आहे.

आमची आणखी एक रीत आहे. कुठलीही खुर्ची घ्यायची की नाही हे ठरवण्याआधी आमच्यापैकी एकाने तीत सकाळभर बसायचं. उठायचं नाही. पाणी हवं असेल तर मागायचं, दार उघडायचं असेल तर थांबायचं. ढुंगण टेकून दोन मिनिटांत खुर्ची चांगली म्हणणारे पुष्कळ असतात, असं मेट्रनबाईंचं मत. तुझं पत्र यायच्या आदल्या रविवारी ती पाळी माझी होती. मी बसलो, आणि आई काठी कोपऱ्यात ठेवून माझ्या मागे जाऊन उभी राहिली. म्हणाली, की तू पुष्कळ ढकललंस, आता मी ढकलते. आधाराला मूठ आहेच.

डोळ्यांसमोर आण. शाळेतला संस्कृतचा शिक्षक, अर्धं डोकं पांढरं झालेला, सिंहासनावर बसलाय, आणि ऐंशीकडे निघालेली आई त्याला भर रस्त्यातून ढकलते आहे. न्हावी अर्धी दाढी सोडून बाहेर आला. आमचे मुख्याध्यापक समोरून आले, हळहळले, आणि माझ्या डोक्यावरून आईला विचारते झाले, की यांना कधीपासून असं झालं, यांना बोललेलं समजतं का. मी तोंडाने उत्तर द्यायच्या आत आईने सांगितलं, की पहिल्यापासूनच असं आहे. खुर्चीतल्या माणसाशी कुणी बोलत नाही, मिठू. हे मला आई त्यात बसलेली असताना कधी उमगलं नव्हतं. ढकलताना मीही सगळ्यांशी तिच्या डोक्यावरूनच बोलत होतो.

खुर्ची उत्तम आहे. हे लिहिताना बोटं दुखतात, पण उत्तम आहे. खड्ड्यात पाठीला झटका बसत नाही.

आई मागून बोलत होती. तोंड दिसत नसलं की माणूस बरं बोलतं. मी विचारलं, की पाहुण्यांना सारखी खुर्ची काय दाखवतेस. ती म्हणाली, की जी समोर नाही तिचं सांगावं लागतं, नाहीतर लोक विसरतात, आणि एखाद दिवस आपणही. जो समोर आहे त्याचं काय सांगायचं, तो चहा घेऊन येतोच की.

मग तिने खुर्ची घड्याळजीच्या दारात नेली. तळमजल्यालाच घर. मला उठवलं, म्हणजे नियम मोडला, आणि घड्याळजीच्या बायकोच्या मदतीने त्याला त्यात बसवलं. टेबलाशी नेलं, हात खाली पाडला. तो आत सरकला, आणि कोपरं टेबलावर टेकली. इतके महिने पडून काम केलेला माणूस. त्याने भिंग डोळ्याला लावलं आणि चिमट्याने एक चाक उचललं. त्याची बायको भिंतीला टेकून उभी राहिली, ती पांघरूण झाडायच्या तयारीत, आणि झाडायला काही नव्हतं.

त्याने विचारलं, की खुर्ची कुणाची. मी केंद्राची म्हणणार होतो. आई म्हणाली, की माझ्या लेकीची आहे, तिने होय म्हटलं तर तुझी, अजून म्हटलेलं नाही. त्याने भिंग काढलं, मान हलवली आणि आपणहून चिमटा खाली ठेवला. आम्ही त्याला पुन्हा अंथरुणावर नेऊन निजवलं. परत येताना खुर्ची रिकामी होती, तरी मला ढकलायला जड गेली.

आईला तू नको म्हटल्याचं सांगितलं. तिने फक्त विचारलं, की दुखते का तिची दाढ अजून.

यात पटवण्याचा हेतू नाही, असं म्हणालो तर खोटं होईल.

तुझा लोभी,
दादा


१९ मार्च

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

सोबत वेगळ्या कागदावर संमती आहे. तीत अट नाही. घाई करा, एवढं लिहिलंय. ती अट धरत असतील तर मेट्रनबाईंनी खोडावी.

दाढ काढली. भूल देणाऱ्याला मी सुई कशी धरायची ते सांगत होते, तेव्हा त्याने माझ्या तोंडात कापूस कोंबला. त्या अवस्थेत, गप्प, उताणी, दिव्याखाली, लोक माझ्या डोक्यावरून बोलत असताना, तुझं पत्र आठवलं. खुर्चीतल्या माणसाशी कुणी बोलत नाही. इतकी वर्षं मी उभी असते, त्यामुळे मलाही माहीत नव्हतं.

आता रविवारच्या फोनचं. सांगणार नव्हते, पण आज तोंड सुजलंय, ताठा धरवत नाही.

दादा, ती माझ्याशी तुझ्याबद्दल बोलते. फक्त तुझ्याबद्दल. मी विचारते, तू कशी आहेस, की ती सांगते दादाने काय केलं. तुझी ती दांडी मी पाहिलेली नाही, पण डोळे मिटून तिचं चित्र काढीन. पहिल्यांदा तू ती वाकडी बसवलीस. मग पुन्हा बसवलीस तेव्हा सरळ बसली, पण भिंतीत एक भोक राहिलं, आणि ते तू दातांच्या पेस्टने बुजवलंस. माझ्या उभ्या कारकिर्दीत असलं बेकायदेशीर फिलिंग मी ऐकलं नाही. तू हाताला पट्टी बांधून दोन दिवस ती लपवत होतास, हेही ठाऊक आहे. ती दांडी किती गार लागते आणि सकाळी धरायच्या आधी तू तिच्यावर गरम फडकं फिरवून ठेवतोस, हेसुद्धा. दर रविवारी मी हे ऐकते आणि फोन ठेवल्यावर ह्यांच्यावर चिडते. तू माझ्या खुर्चीवर जळला असशील, त्याहून जास्त मी तुझ्या दांडीवर जळलेय. खुर्ची निदान विकत मिळते.

म्हणून पाटी हवी होती. आता नको. तू लिहिलंस, आईने त्या परक्या घरात सांगितलं, की माझ्या लेकीची आहे आणि तिने अजून होय म्हटलेलं नाही. मी एवढ्या लांब असताना तिथे एक माणूस माझ्या होकारासाठी हातातला चिमटा खाली ठेवतो. पितळेवर याहून जास्त काय मावलं असतं?

घड्याळजींना सांग, उजव्या बाजूचं पुढचं चाक पावसाळी हवेत कुरकुरेल असं दुकानदार म्हणाला होता, तेलाचा थेंब टाकावा.

लोभाची दाढ हलत नाही, ती असू दे.

तुझी,
मिठू


२ एप्रिल

चि. सौ. मिठूस,
अ. उ. आ. वि. वि.

समितीने तुझी संमती मंजूर केली. मेट्रनबाईंनी कागद दिव्याजवळ धरून मागूनपुढून पाहिला, कुठे अट दडलीय का म्हणून. मग म्हणाल्या, की बाई बऱ्या दिसतात, भावावर गेलेल्या नाहीत. सायकलवाल्याने चाकात तेल घातलं.

घड्याळजी आता टेबलाशी बसतो. परवा बायकोने त्याला दुकानापर्यंत नेलं. शाळेचं घड्याळ चालू झालं, त्यामुळे माझे तास पुन्हा वेळेवर सुटू लागले आणि मुलांत नाराजी आहे. त्याने पैसे घेतले नाहीत. आम्ही केंद्रातर्फे ते दान स्वीकारायचं का, यावर बैठक झाली. स्वीकारलं.

आता घरातली हकीकत, आणि ती तुला सांगणं माझ्या जिवावर येतं. मला वाटलं होतं खुर्ची गेली, दर्शन संपलं, आता चहा पाहुण्यांबरोबर बसून घेऊ. तर खुर्ची गेल्यापासून खिडकीजवळची ती जागा आईने कशानेच भरू दिलेली नाही. स्टूल ठेवलं, उचलायला लावलं. फरशीवर चाकांचे दोन फिकट पट्टे उरलेत. पाहुणे आले की ती काठी टेकत उठते, त्यांना तिथे नेते आणि पट्टे दाखवून सांगते, की इथे माझ्या लेकीने पाठवलेली खुर्ची होती, चालायला लागले म्हणून दिली, तिनेच होय म्हटलं. मग हात कसा खाली पडायचा ते स्वतःचा हात पाडून दाखवते. पाहुणे रिकाम्या फरशीकडे बघून माना डोलावतात. पूर्वी खुर्चीने एक कोपरा अडवला होता, आता नसलेल्या खुर्चीने घर अडवलंय. मी आत जाऊन चहा करतो.

हे सगळं तुला पोचतं केलं. तुझं होतं, ते तुला मिळालं पाहिजे.

एक मात्र माझं आहे. संध्याकाळी आम्ही दोघं फाटकापासून घड्याळजीच्या कोपऱ्यापर्यंत चालत जातो. काठी तिच्या उजव्या हातात असते. डावा हात ती आधी पदराला पुसते आणि मग माझ्या दंडाला धरते, घट्ट, दांडी धरावी तसा. वाटेत कुणी भेटलं तर चटकन सोडते, आणि तो पुढे गेला की पुन्हा धरते. फोनवर हे तिने तुला सांगितलेलं नाही, हे मी पक्कं विचारून घेतलंय.

तुला मुद्दाम लिहितो. दांडीचं दुःख आता जुनं झालं असेल, तुलाही जळायला काहीतरी ताजं असावं.

लोभ धर. सोडलास तर कुणी बघत नाही असं पाहून पुन्हा धर.

तुझा,
दादा